तांबटाची फांदी : पुण्यातल्या बागा-टेकड्यांवरचे नऊ दिवस

शनिवार, 22 मार्च 2025

आत्या वाईजवळच्या गावाहून फेब्रुवारीत आली ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. उजवा डोळा झाला, डावा एप्रिलमध्ये करायचा ठरला. मधले दिवस चार भिंतींत काढणारी ती बाई नव्हे. महिना उलटल्यावर डॉक्टरांनी काळा चष्मा लावून फिरायची परवानगी दिली, तेव्हा मी ठरवून टाकलं की पाडव्यापर्यंत रोज तिला पुण्यातली एखादी बाग नाहीतर टेकडी दाखवायची. मी ह्या शहरात गेली बारा वर्षं पक्षी बघत हिंडते आहे, पण सलग नऊ दिवस, ऐन पानगळ-पालवीच्या दिवसांत, कुणाला तरी हाताला धरून, असं कधी घडलं नव्हतं.

पहिल्या दिवशी लांब गेलोच नाही. कोथरूडमध्ये आमच्या घरामागं एक लहानशी बाग आहे. गोल वाट, घसरगुंडी, व्यायामाची लोखंडी यंत्रं आणि कडेनं गुलमोहर, करंज, एक म्हातारा पर्जन्यवृक्ष. गुलमोहराच्या अंगावर अजून पान नाही, नुसत्या काळ्या शेंगा. करंजाला मात्र अशी कोवळी, तेल लावल्यासारखी चकचकीत पालवी फुटली होती की आत्या तिथंच थांबली. चष्मा वर करून तिनं आधी डावा डोळा झाकला, मग उजवा.

"अगं, ह्या डोळ्यानं पोपटी दिसतंय आणि ह्यानं मळकं," ती म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं मी मळकंच बघत होते काय?"

मोतीबिंदूनं भिंग पिवळट होत जातं, रंग हळूहळू विटतात आणि माणसाला पत्ताही लागत नाही. पुढचे सगळे दिवस तिचा हाच खेळ चालला. कुठलंही झाड आलं की आधी एक डोळा, मग दुसरा.

बाकावर टेकलो तेवढ्यात टुक-टुक-टुक-टुक सुरू झालं. एका लयीत, दम न घेता. आत्यानं लगेच मान वर केली. "तांबट," ती म्हणाली. आवाज कुठून येतोय ते मात्र कळेना. तांबट ठोके देताना मान इकडून तिकडं वळवतो, त्यामुळे एक ठोका डावीकडून आल्यासारखा वाटतो, दुसरा उजवीकडून. शेवटी सापडला तो गुलमोहराच्या वाळक्या फांदीवर. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल, गळा पिवळा. चोच मिटलेलीच, फक्त गळा फुगायचा आणि बसायचा.

त्या फांदीची साल केव्हाच गळून गेली होती. मनगटाएवढी जाड, तिरकी, राखाडी पडलेली. खालच्या अंगाला पेढ्याएवढं गोल भोक दिसलं. थोड्या वेळानं पक्षी ठोके थांबवून भोकात शिरला. नुसती शेपटी बाहेर. मग उलट्या पावली मागं आला, चोचीत भुसा, मान झटकली, भुसा खाली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. भुशाचे कण उन्हात तरंगत आमच्या बाकापर्यंत आले. आत्यानं ते पदरावरून टिपले, बोटांत चुरगाळले आणि वास घेतला.

नर-मादी दोघंही आळीपाळीनं हे काम करतात. पण त्यांची चोच काही सुताराची नव्हे. जिवंत, कडक लाकूड तिला पेलत नाही. घर कोरायला मेलेली, आतून मऊ पडलेली फांदीच हवी. ही एक गोष्ट पुढचे आठ दिवस माझ्या मागं लागली.

रविवार, 23 मार्च

एम्प्रेस गार्डन. रेसकोर्सजवळची ही सुमारे 39 एकरांची बाग 1830 साली स्थापन झालेल्या अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाकडे आहे. नाव राणी व्हिक्टोरियावरून, ती 'एम्प्रेस' झाली म्हणून. रविवारी दहानंतर इथं डबे, चटया आणि चेंडू येतात, म्हणून आम्ही दार उघडायच्या वेळीच पोचलो.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. बाहेर रस्ता तापायला लागलेला आणि इथं झाडांखाली ओल. मग दिसतात गारंबीचे वेल. वेल म्हणायला जीभ वळत नाही, माणसाच्या मांडीएवढे जाड, पिळे पडलेले, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. गारंबीची शेंग तलवारीसारखी लांब, कधीकधी हातभराहूनही मोठी. आतली बी तळहातावर ठेवली तर अर्धा तळवा भरतो. आत्या एका वेलाच्या वळणावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. "हा माझ्या आजीच्याही आधीचा असंल," म्हणाली. असेलही.

रविवारची खरी कमाई मात्र अगदी खाली, कमरेच्या उंचीवर मिळाली. एका झुडपाच्या लोंबत्या काडीला जळमटांचा पुंजका लटकला होता. वाळकी पानं, सालीचे तुकडे, कचराच. मी पुढं जाणार तोच पुंजक्यातून चोच बाहेर आली, बारीक, वाकडी. ते शिंजिराचं घरटं होतं. फुलातला मध पिणारा हा अंगठ्याएवढा पक्षी कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणून घरटं विणतो, वरून सालीचे कपटे आणि अळ्यांची विष्ठा चिकटवतो, म्हणजे बघणाऱ्याला ते झाडात अडकलेला कचरा वाटावं. दाराच्या वर छोटी पडवीसुद्धा काढतो. आम्ही पाच पावलं मागं सरकलो. मादी उडाली, शेजारच्या कुंपणावरून जाळ्याचा एक धागा चोचीत घेऊन परत आली आणि दाराच्या कडेला तो दाबून बसवला, लुगड्याच्या काठाला टाका घालावा तसा.

बाग झाडून-पुसून लख्ख ठेवायची म्हणून जळमटं काढणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या हातांना दोष नाही, त्यांना तसंच सांगितलेलं असतं. पण कोळ्याचं जाळं गेलं की शिंजिराचं सूत गेलं.

सोमवार, 24 मार्च

सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, पुणे-ओकायामा मैत्रीचं. सुमारे 10 एकर. हिरवळीच्या लाटा, वळणाचं पाणी, लाकडी पूल. आत्याला पाण्यातले मासे फार आवडले. काठावर एक वंचक, आपला मातकट ढोकरी बगळा, मान खांद्यात घालून इतका गप्प उभा होता की शेजारून तीन शाळकरी मुली गेल्या तरी त्यांना दिसला नाही. तो उडाला तेव्हा अचानक पांढरेशुभ्र पंख उघडले आणि तिघी एकदम ओरडल्या.

ह्या दिवसाबद्दल एवढंच.

मंगळवार, 25 मार्च

एकादशी. आत्याचा उपास, मला मात्र खिचडीचा डबा. सहकारनगरच्या बाजूनं तळजाईच्या पठारावर गेलो. हे पाचगाव-पर्वतीचं राखीव वन आहे, पण पुणेकरांना ते रोजच्या फिरण्याचंच ठिकाण. सकाळी सहालाच तिथं एवढी माणसं असतात की पक्ष्यांआधी बुटांचे आवाज ऐकू येतात. मुख्य वाट सोडून जरा आत शिरलं की मात्र शांतता.

मोर त्याआधीच ओरडले होते. एक तर वाटेपासून वीस पावलांवर, तारेच्या कुंपणाच्या खांबावर बसला होता, पिसारा मागं जमिनीपर्यंत सोडून. मोराची ही पिसं पावसाळ्यानंतर गळतात, हिवाळाभर पुन्हा वाढतात आणि आत्ता मार्चअखेरीला ती नवी कोरी असतात. आत्यानं डोळे आळीपाळीनं झाकून बघितलं आणि काही बोलली नाही. दोनदा बघितलं, तीनदा बघितलं. मग चष्मा काढून पदरानं पुसला.

पठारावर सगळीकडं गिरिपुष्पाचा फिकट गुलाबी सडा. वनीकरणात लावलेली ही झाडं, मूळची परदेशी. आत्याला ती चांगलीच माहीत होती. "ही उंदीरमारी. आमच्याकडं बांधाला लावत्यात. हिच्या बियांनी उंदीर मरत्यात." फुलांवर काळे भुंगे घोंगावत होते. पण झाडाखाली बघितलं तर गवत नाही, झुडूप नाही. शेजारीच हिवर, खैर आणि बोर होतं, तिथं खाली तित्तरांची धावपळ, बुलबुलांची भांडणं, पानात खसफस. शंभर पावलांच्या अंतरात दोन वेगळी गावं असावीत तसं. गिरिपुष्प उपटून टाका असं मी म्हणणार नाही, उघड्या माळावर सावली त्यानंच आणली. पण आता त्याच्या मधेमधे आपली झाडं यायला हवीत, आणि तळजाईवर काही हौशी मंडळी ती लावतातही. डबे-बाटल्यांतून पाणी वर नेऊन घालणारे दोन आजोबा आम्हाला भेटले. त्यांच्या पिशवीत पाच लिटरचे दोन कॅन होते. आत्यानं त्यांना "किती झाडं जगली?" असं सरळ विचारलं. "चाळीस लावली, सव्वीस आहेत," एक आजोबा म्हणाले, आणि सव्वीस म्हणताना ते हसले.

बुधवार, 26 मार्च

वेताळ टेकडी. पुणे शहरातलं सर्वांत उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. आत्याच्या गुडघ्यांचा विचार करून एआरएआय ह्या वाहन-संशोधन संस्थेच्या रस्त्यानं गाडी वरपर्यंत नेली. तिथून वेताळबाबाच्या मंदिराकडं सपाट वाट जाते.

कांडोळाची झाडं ह्या दिवसांत बघावीत. पान एकही नाही, खोड गुळगुळीत पांढरं. पहाटेच्या अंधुक उजेडात ती माणसासारखी उभी दिसतात, म्हणून काही भागात कांडोळाला भुत्या म्हणतात. त्याच उतारावर गणेरी फुललेली. वाळक्या, वेड्यावाकड्या फांद्या आणि टोकाला ओंजळीएवढी पिवळीजर्द फुलं, सोन्याच्या वाट्या ठेवल्यासारखी. गणेरीला भर उन्हाळ्याच्या तोंडावर, खडकात, पाण्याचा थेंब नसताना हे कसं जमतं, ह्याचं मला दर वर्षी नव्यानं नवल वाटतं.

पुढं एका वळणावर वास आला. जळकट. उताराचा मोठा तुकडा काळा पडला होता, गवत जळून गेलेलं, मेडशिंगीच्या रोपांचे कोळसे. वणवा कुणी लावला, कसा लागला, ठाऊक नाही. कधी विडी, कधी 'नवं गवत चांगलं येतं' ही समजूत, कधी नुसती खोडी. मार्चमध्ये गवत वाळलेलं असतं आणि ह्याच महिन्यात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी असतात. ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या की त्या काळ्या उतारासमोर उभं राहवत नाही.

तिथंच टिटवी आली अंगावर. "टिटिटि-टिवी" करत डोक्यावरून घिरट्या. आत्यानं माझा दंड धरला. "हलू नकोस. पायाखाली बघ." आम्ही दोघी जागच्या जागी उभ्या. माझ्या बुटापासून हातभर पुढं, मुरमाच्या उघड्या जागेवर, खड्यांच्या वेढ्यात चार अंडी, निमुळती टोकं आत, फुलाच्या पाकळ्यांसारखी मांडलेली. रंग अगदी मुरमाचाच, वर काळपट डाग. मी त्यांच्यावर पाय देणार होते, हे खरं आहे. जळलेल्या गवताची कड तिथून चार-पाच पावलांवर येऊन थांबली होती. मधे नुसते दगड होते म्हणून ती अंडी वाचली.

आल्या पावलांवर पाऊल देत आम्ही मागं फिरलो. लांब गेल्यावर आत्या म्हणाली, "उंचवट्यावर घातल्यात. यंदा पाऊस चांगला." टिटवीनं खोलगट जागी अंडी घातली तर पाऊस बेताचा, उंचावर घातली तर भरपूर, हा तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा ठोकताळा. आजोबा पेरणीच्या आधी माळावर टिटवी शोधत हिंडायचे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ह्या टेकडीतून रस्ता आणि बोगदे नेण्याचे बेत निघाले, तेव्हा एप्रिल 2023 मध्ये पुणेकर मोठ्या संख्येनं तिच्यासाठी चालत आले होते. मीही होते. तेव्हा माझ्या हातात फलक होता. आज वाटतं, त्यावर मी एखादं वाक्य लिहिण्याऐवजी ह्या चार अंड्यांचं चित्र काढायला हवं होतं.

गुरुवार, 27 मार्च

सकाळी डोळ्याची तपासणी. डोळा उत्तम. आत्याच्या पिशवीत मात्र आणखी एक रुग्ण होता, पोचा आलेला तांब्याचा गडू. "पाडव्याला गुढीवर हाच पाहिजे," म्हणून तिनं तो गावाहून आणलेला. मग मेट्रोनं निघालो, कोर्टाच्या स्टेशनला गाडी बदलली आणि कसबा पेठेत उतरलो. तांबट आळीच्या तोंडाशी पोचायच्या आधीच आवाज आला.

टुक-टुक-टुक-टुक.

आत्या थांबली. मीही. एका लयीत, दम न घेता, शनिवारी ऐकला तोच आवाज. पेशवाईपासून इथं तांब्याची भांडी ठोकून घडवणारी घरं आहेत. आता थोडीच उरली. भांड्यावर हातोडीच्या ठोक्यांनी उमटवलेल्या चकचकीत खळ्यांना मठारकाम म्हणतात. एका कारागिरानं गडू हातात फिरवून बघितला, आतून लोखंडी मोगरी लावली आणि बाहेरून हलके ठोके द्यायला सुरुवात केली. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला जेमतेम शिवेल असा. दहा मिनिटांत पोचा गेला. आत्यानं त्यांना तांबट पक्ष्याबद्दल सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्याच नावाचा आहे तो. लहानपणी इथल्या पिंपळावर यायचा, आम्हाला वाटायचं आजोबा उठले."

परत येताना रस्त्याकडेला वावळ होता. वावळाच्या पातळ, कागदी चकत्या वाऱ्यावर उडत फुटपाथवर साचल्या होत्या. आत्यानं दोन मुठी गोळा केल्या, बोटानं पापुद्रा सोलला आणि मधली बी माझ्या हातावर ठेवली. चारोळीची चव, किंचित उग्र. बारा वर्षं मी वावळाखालून जाते आहे. हे खाता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी घरामागच्या बागेत डोकावलो. तांबटाच्या फांदीवर पांढऱ्या खडूची खूण होती.

शुक्रवार, 28 मार्च

रात्रभर ती खूण डोक्यात. तरी ठरल्याप्रमाणे विद्यापीठात गेलो. गणेशखिंडीचा हा 400 एकरांहून मोठा परिसर. मुख्य इमारत म्हणजे इंग्रजांच्या काळातला मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला. त्या काळापासूनचे वड आणि पिंपळ इथं आहेत. पिंपळाला तांबूस, लवलवती पालवी आणि जुन्या वडांना लालचुटूक फळं. फळांवर हरियाल आले होते, आपला राज्यपक्षी. हिरव्या पानांत हिरवा पक्षी, आधी दिसतच नाही. मग एक दिसतो, आणि मग एकदम तीस.

धनेश मला माहीत असलेल्या झाडाच्या ढोलीत यंदाही होता. नेमकी जागा मी इथं लिहीत नाही, आणि वाचणाऱ्यांनीही धनेशाची जागा कधी जाहीर करू नये. राखी धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि आपलीच विष्ठा, फळांचा गर असं लिंपून दार बंद करून घेते. उरते ती बोटभर रुंद उभी फट. आत ती उडायची पिसं टाकते, अंडी घालते, उबवते आणि पिल्लं बरीच मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही. तोवर घर चालवायचं नरानं.

आम्ही चांगल्या पन्नास पावलांवरून, दुर्बिणीतून बघत होतो. आत्यानं एकाच नळीतून बघितलं, नव्या डोळ्यानं. पावणेआठला नर आला. खोडाला बिलगून बसला, मान हलवली आणि घशातून एक वडाचं फळ वर काढलं. फटीतून दुसऱ्या चोचीचं टोक आलं, फळ गेलं. मग दुसरं. मग तिसरं. आत्या मोजत होती. सतरा. सतरा फळं एकेक करून, न सांडता.

"बाळंतिणीला असं कुणी खाऊ घालत नाही गं," ती हळूच म्हणाली.

धनेशाला ढोली स्वतः कोरता येत नाही. मोठ्या झाडाची फांदी कधीतरी मोडते, तिथं पाणी मुरतं, लाकूड कुजतं, वर्षानुवर्षं पोकळी वाढते, तेव्हा कुठं एका मादीला बसता येईल एवढी खोली तयार होते. रस्ता रुंद करताना एक म्हातारं झाड पाडून त्याच्या बदल्यात दहा रोपं लावली जातात. पण रोपात ढोली नसते. ती यायला पन्नास-साठ वर्षं लागतात, आणि धनेशाला ती येत्या मार्चमध्ये हवी असते. आपण झाडं मोजतो, त्यात मेलेलं लाकूड मोजत नाही. उलट त्याला आपण घाण समजतो, धोका समजतो. मला ह्या शहराकडं एकच मागायचं असेल तर ते हे : थोडं मेलेलं लाकूड राहू द्या. जिथं कुणाच्या डोक्यावर पडणार नाही तिथं तरी राहू द्या. वाळका पाला जाळू नका, झाडाच्या बुंध्याशी ओढून ठेवा. वसंतातली निम्मी वस्ती त्यातच आहे.

शनिवार, 29 मार्च

अमावस्या. सात वाजता घरामागच्या बागेत हजर झालो. माळीदादा शिडी लावत होते, कमरेला करवत.

बोलणं आत्यानंच सुरू केलं. "दादा, ही फांदी काढताय का?"

"होय मावशी. वाळलीय. खाली बाक आहे, लोक बसतात. तक्रार आली होती."

तक्रार चुकीची नव्हती, हे मला मान्य करावंच लागलं. बाक बरोबर फांदीच्या टोकाखाली होता. आत्यानं त्यांना भोक दाखवलं. त्याच वेळी तांबट आत शिरला, आणि ह्या वेळी भुसा बाहेर आला नाही. तो आतच थांबला. म्हणजे कोरणं संपलं होतं, अंडी पडली असणार. माळीदादा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहून वर बघत राहिले.

"रोज आवाज ऐकतो याचा," ते म्हणाले. "घर हितं आहे हे बघितलं नव्हतं."

मग त्यांनीच हिशेब केला. भोक फांदीच्या जाड भागात, खोडापासून दोन हातांवर. धोका होता तो पुढच्या बारीक, तडकलेल्या टोकाचा. टोक काढलं की वजन कमी, मागचं पडायची भीती नाही. आणि बाक? बाक सिमेंटमध्ये बसवलेला नव्हता. माळीदादा, मी आणि रोज चालायला येणारे दोघं, अशा चौघांनी मिळून तो उचलून करंजाखाली नेला. पुढचं टोक माळीदादांनी दोरी बांधून हळूच कापलं. करवत चालू असताना तांबट बाहेर आला, शेजारच्या फांदीवर बसून बघत राहिला. मी घड्याळ लावून होते. अकरा मिनिटांनी तो परत आत गेला. ती अकरा मिनिटं फार मोठी होती.

संध्याकाळी पाषाण तलाव. रामनदी अडवून केलेला हा जुना तलाव. त्याच्या बऱ्याच भागावर जलपर्णी पसरलेली, पण मोकळ्या पाण्यात हळदी-कुंकू बदकांची जोडपी होती. हे नाव ज्यानं दिलं त्याला नमस्कार : चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि मुळाशी दोन कुंकवाचे ठिपके. हिवाळी पाहुणे बहुतेक गेलेले. काठाच्या झाडांवर भोरड्यांचा मोठा थवा उतरला, गुलाबी-काळा, प्रचंड गलबला. पांगारा-सावरीचा मध आणि पिकांवरचे किडे खाऊन त्या आता एप्रिलमध्ये मध्य आशियाकडं निघतील. अंधार पडेपर्यंत आम्ही काठावर बसलो. आत्याला डास चावत होते तरी ती उठेना.

रविवार, 30 मार्च, गुढीपाडवा

पहाटे आत्यानं गुढी उभारली. काठीला तिचं जुनं हिरवं रेशमी खणाचं कापड, साखरेची गाठी, आंब्याचा डहाळा आणि वर मठारलेला तांब्याचा गडू. कडुनिंबाचा फुलोरा हवा होता म्हणून आम्ही दोघी घरामागच्या बागेत गेलो. निंब बारीक पांढऱ्या फुलांनी भरला होता, त्याखाली उभं राहिलं की मधाचा वास. माळीदादांना आज सुट्टी असायची, तरी ते आले होते. घरी गुढी उभारून, नव्या शर्टात. त्यांनीच हात वर करून एक डहाळी वाकवली आणि आत्याच्या ओटीत घातली.

"बघितलंत का आज?" त्यांनी विचारलं.

तिघांनी मिळून वर बघितलं. कापलेल्या फांदीच्या टोकाला पिवळं, ताजं लाकूड दिसत होतं. त्याच्या मागं पेढ्याएवढं भोक, आणि भोकात कपाळावरचा लाल ठिपका. आत्यानं उजवा डोळा झाकला, डाव्यानं बघितलं. मग डावा झाकला.

"दोन्हींनी लालच दिसतंय गं," ती म्हणाली.

तेवढ्यात दुसरा तांबट समोरच्या निंबावर येऊन बसला आणि ठोके द्यायला लागला. भोकातला तांबट फांदीवर आला, निंबावरचा आत गेला. पाळी बदलली.